वरचे आणि खालचे

हादिया मुकादमचं दोन वर्षांचं काम एका एअरकंडिशनरवर अवलंबून होतं, आणि १९९७च्या मे महिन्यात तो बंद पडला.

पनवेलच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या टोकाला एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथे वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं असत. आता तिथे ट्यूबलाइट लावलेला एक रॅक होता आणि रॅकवर स्क्रूच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या. बाटल्यांत समुद्राचं गाळलेलं पाणी. काही बाटल्यांतल्या पाण्याला किंचित हिरवी झाक होती, काहींना तीही नव्हती. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत ज्यांनी ज्यांनी आत डोकावून पाहिलं, त्यांनी एकदा तरी विचारलंच होतं, की यात आहे काय?

त्या हिरव्या झाकेत जीवाणू होते. प्रोक्लोरोकॉकस असं त्यांचं लांबलचक नाव, आणि त्यांचा पत्ता लागून जेमतेम नऊ-दहा वर्षं झालेली. ते इतके लहान की वर्षानुवर्षं समुद्राचं पाणी तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटले होते. गवत जसं उन्हावर जगतं तसेच हेही उन्हावर जगतात, आणि उबदार समुद्रात त्यांची संख्या एवढी असते की आपण घेतो त्या श्वासातही त्यांचा वाटा आहे. बाटलीत मात्र ते नाजूक. पाण्यात जरा अशुद्ध काही आलं की मरतात. पाणी तापलं तरी मरतात.

हादियाने हे पाणी स्वतः आणलं होतं. संशोधनाच्या एका जहाजावर तिला जागा मिळाली आणि अरबी समुद्रात, किनारा दिसेनासा झाल्यावर, तिने दोन ठिकाणचं पाणी भरून घेतलं. एक अगदी पृष्ठभागावरचं. दुसरं शंभर मीटर खालचं, जिथे दिवसा दुपारीही फक्त निळसर अंधार असतो. पनवेलला आल्यावर तिने बाटल्यांवर ‘व’ आणि ‘ख’ अशी अक्षरं लिहिली. वरचे आणि खालचे.

वरचे वाढले. खालचे काही केल्या वाढेनात. रॅकच्या कडेला, जिथे ट्यूबलाइटचा उजेड कमी पडतो, तिथे ठेवलेल्या एक-दोन बाटल्या तग धरून होत्या. बाकीच्या दर महिन्याला पांढऱ्या पडायच्या, आणि तग धरलेल्यांतले थेंब घालून हादिया त्या पुन्हा भरायची.

तिच्या मार्गदर्शक डॉ. वसुंधरा टिपणीस यांना याचं आश्चर्य वाटत नव्हतं. बाई निवृत्तीला आल्या होत्या. उंच, ताठ, बोलणं मोजकं. १९९१ साली त्यांनी एक निबंध लिहिला होता आणि त्या निबंधामुळेच पनवेलसारख्या ठिकाणच्या कॉलेजला संशोधनाची ही खोली मिळाली होती. अरबी समुद्रातली ही सूक्ष्म हिरवी पेशी वरपासून खालपर्यंत एकच आहे, असं त्यात म्हटलं होतं. सावलीतल्या झाडाची पानं जशी गडद होतात, तशी ही पेशी खाली गेली की रंग वाढवते, वर आली की कमी करते. प्रकार एकच, बदलतो तो उजेड.

एप्रिलमध्ये बाई म्हणाल्या होत्या, “हादिया, तुझे खालचे म्हणजे वेगळे काही नाहीत. वर आणताना दुखावलेले तेच आहेत. आजारी पेशीवर प्रबंध होत नाही. टाकून दे ते, आणि वरच्यांवर लिहायला घे.”

“एकदा शेवटचं बघते, बाई.”

“शेवटचं तू दिवाळीतही बघितलंस.”

हादियाने टाकले नव्हते. त्यामागे मोठी श्रद्धा होती असं नाही. हातून होत नव्हतं, एवढंच.

मे उजाडला. कॉलेज रिकामं झालं. एका दुपारी विजेचा दाब एकदम चढला, दोन दिवे फुटले आणि एअरकंडिशनरचा कॉम्प्रेसर जळाला. मेकॅनिक आला, त्याने पत्रा उघडून पाहिला आणि बंद केला. “हा पार्ट मुंबईहून मागवावा लागेल मॅडम. सुट्टीचे दिवस आहेत. जूनमध्ये बघू.”

खोलीतल्या तापमापीचा पारा चढायला लागला होता. तिशीच्या पुढे हे जीवाणू जगत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवावेत तर गारठून मरतात.

हादिया एसटी स्टँडजवळच्या फोन बूथवर गेली. बाई सुट्टीत नागपूरला, त्यांच्या बहिणीकडे, कुमुदताईंकडे गेल्या होत्या. लाइन लागली तेव्हा बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

“किती वेळ आहे आपल्याकडे?” बाईंनी विचारलं.

“संध्याकाळपर्यंत. फार तर.”

“कुठल्याही लॅबमध्ये जागा मिळेल?”

“विचारलं. सगळीकडे सुट्टी आहे. किल्ल्या नाहीत कुणाकडे.”

मग बाई म्हणाल्या, “वरचे वाचव. जमेल तिथे. खालचे जाऊ देत.”

बूथबाहेर रिक्षांची रांग उभी होती आणि डांबर चटके देत होतं. हादिया तशीच उभी राहिली. बाईंचा आवाज तिला कशासारखा वाटला होता ते आठवलं आणि घरची विहीर डोळ्यांपुढे आली. मे महिन्यातही त्या विहिरीचं पाणी अंगावर घेतलं की शहारा यायचा. ती रिक्षाने घरी गेली, तापमापीला सुतळी बांधून ती विहिरीत सोडली आणि वर काढली. सव्वीस.

मुकादमांचं घर पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात. मागच्या अंगणात चिऱ्यांनी बांधलेली रुंद विहीर. नळ आले होते, पण नळाला पाणी सकाळी तासभर. बाकी सगळं विहिरीवर. हादिया बाटल्यांचं खोकं घेऊन आली तेव्हा अम्मी, म्हणजे झुबेदा, पाणीच शेंदत होत्या.

“हे काय आणलंस?”

“समुद्राचं पाणी. विहिरीत ठेवायचंय, थोडे दिवस.”

झुबेदाबींनी बालदी कठड्यावर ठेवली. “विहिरीत? या पाण्यावर आपण नमाजाआधी वजू करतो हादिया. स्वयंपाक करतो. त्यात तुझे किडे?”

“किडे नाहीत अम्मी. आणि झाकण बंद आहे, वरून प्लास्टिक बांधणार आहे.”

“फुटली तर?”

“फुटली तर विहिरीत वाटीभर समुद्र जाईल,” आतून अब्बांचा आवाज आला. इलियास मुकादम मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये उभं आयुष्य काढून घरी बसले होते. समुद्राविषयी कुणी काही विचारलं तर ते तेलाविषयी आणि उकाड्याविषयी बोलत. ते बनियनवर बाहेर आले आणि एक बाटली उजेडात धरून बघू लागले. “यात आहेत ते? मला तर काही दिसत नाही.”

“दिसत नाहीतच.”

“मग मेलेत का जिवंत, तुला कसं कळतं?”

“हिरवे झाले की जिवंत.”

इलियासनी मान हलवली आणि झुबेदाबींना म्हणाले, “ठेवू दे तिला. पोरीने एवढी दोन वर्षं घातली आहेत.”

झुबेदाबी हो म्हणाल्या नाहीत, पण बालदी उचलून बाजूला झाल्या.

घाईच होती. हादियाने नायलॉनच्या दोऱ्या घेतल्या, बाटल्या जाळीच्या पिशव्यांत घातल्या आणि हाताला येतील तशा, एकीखाली एक बांधत गेली. कुठे ‘व’, कुठे ‘ख’. अमुक इथे आणि तमुक तिथे असा विचार तिने केला नव्हता. गाठ पक्की बसते की नाही एवढंच ती बघत होती. दोरीच्या टोकाला दगड बांधला. विहिरीत दीड-दोन पुरुष पाणी होतं. वरच्या बाटल्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर राहिल्या, खालच्या पार तळाजवळ गेल्या. बाईंनी ‘ख’ बाटल्या सोडून द्यायला सांगितलं होतं हे तिला ठाऊक होतं. पण खोक्यातून अर्ध्या बाटल्या निवडून वेगळ्या ठेवायच्या आणि त्या उन्हात मरताना बघायच्या, हे तिला जमलं नाही.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. ती रोज तापमापी सोडून बघायची. सव्वीस, कधी सत्तावीस. पाणी शेंदताना बालदी दोऱ्यांना लागू नये म्हणून झुबेदाबी आता एका बाजूनेच शेंदत. तक्रार करत, पण शेंदत एका बाजूनेच.

महिन्याच्या मध्यावर एका दुपारी हादियाने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि ती दचकली. एरवी विहिरीत सावली असे. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर आला होता आणि ऊन सरळ खांबासारखं पाण्यात उतरलं होतं. वरच्या बाटल्या लखलखत होत्या. त्यांच्याखाली पाणी शेवाळी होत गेलं होतं आणि तळाच्या बाटल्या दिसतच नव्हत्या. थोड्या वेळाने ऊन भिंतीवर चढलं आणि विहीर पुन्हा काळोखी झाली. पुढचे काही दिवस दुपारी तसंच होत राहिलं. या उन्हाने वरच्या बाटल्यांतले सगळेच जातील अशी धास्ती तिला वाटली, पण बाटल्या हलवायला गेलं तर गाठी सुटायची भीती. तिने त्या तशाच राहू दिल्या.

मे अखेरीला देवजी आला. देवजी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरचा. पावसाआधी मोहल्ल्यातल्या विहिरींचा गाळ तो काढत असे. बाकीचे दिवस वीटभट्टीवर, नाहीतर विचुंब्याकडे नव्या इमारतींच्या कामावर. त्याने कठड्यावरून खाली पाहिलं.

“ह्ये काय बांधलंय?”

हादियाने सांगितलं.

“मंग आमी उतरू का नको? गाळ ढवळला का पाणी समदं काळं व्हईल.”

“दोन दिवस थांबता का?”

“दोन दिवसांनी मी हिकडं नाय. भट्टीवर हाय.”

तेव्हा त्याच दुपारी बाटल्या काढायचं ठरलं. हादिया आणि इलियास दोरी ओढत होते. पहिली दोरी नीट आली. दुसरी चिऱ्याच्या कडेवर घासली गेली होती. अर्ध्यावर आली आणि तुटली. वरच्या बाटल्या त्यांच्या हातात राहिल्या, तळाची पिशवी दगडासकट पाण्यात गेली.

“राहू दे,” हादिया म्हणाली. पण तिचा चेहरा पाहून देवजीने सदरा काढला होता. तो भिंतीतल्या खाचांवर पाय ठेवत उतरला, पाण्यात बुडाला आणि बराच वेळ वर आला नाही. झुबेदाबी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मग तो वर आला, तोंडातून पाणी थुंकत, एका हातात चिखलाने माखलेली पिशवी.

“गाळात रुतली व्हती,” तो म्हणाला. “फुटली नाय.”

अंगणात बाटल्या धुऊन एका रांगेत मांडल्या. हादिया एकेक बाटली उचलत होती, अक्षर बघत होती, दोरीवरची जागा आठवत होती आणि खाली ठेवत होती.

पृष्ठभागाजवळ टांगलेल्या बाटल्यांत वरचे छान हिरवे झाले होते. शेजारीच, त्याच उन्हात टांगलेले खालचे पार पांढरे. पाणी जसंच्या तसं नितळ. आणि तळाच्या बाटल्यांत उलटं. तिथे वरचे फिकट, जेमतेम जिवंत. खालचे हिरवे. दोन वर्षांत रॅकवर एकदाही झाले नव्हते इतके हिरवे. सगळ्यांत गडद होती ती गाळातून आलेली बाटली.

“जिवंत?” इलियासनी विचारलं.

“हो,” हादिया म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली.

बाई जूनमध्ये परतल्या. हादियाने बाटल्या टेबलावर मांडल्या आणि विहिरीची हकिगत सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“ही गाळात पडली होती,” शेवटी त्या गडद बाटलीवर बोट ठेवून म्हणाल्या.

“झाकण बंद होतं.”

“झाकणाच्या आट्यांत पाणी जातं. विहिरीचं शेवाळ आत गेलं असेल. तू मला शेवाळ दाखवते आहेस.”

“गोड्या पाण्यातलं शेवाळ समुद्राच्या पाण्यात एवढं वाढेल?”

“माहीत नाही. तुलाही माहीत नाही.”

आक्षेप योग्य होता, म्हणूनच हादियाला तो जास्त लागला. बाईंनी एप्रन चढवला, खोलीचे पडदे ओढले आणि स्वतः सूक्ष्मदर्शकावर बसल्या. निळा उजेड टाकला की या पेशी लाल चमकतात, अगदी मंद. बाई एकामागून एक काचपट्टी बघत गेल्या. दुपार सरली. उठल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

“शेवाळ नाही,” त्या म्हणाल्या. “आत दुसरं काही नाही. पण वरच्यांत आणि खालच्यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. आकार तोच. चमक खालच्यांची जास्त आहे, ती असणारच, अंधारात होते. मी तेच म्हणत आले आहे.”

“मग उन्हातले खालचे मेले का? एकच असतील तर सवय व्हायला हवी होती.”

“एकदम उन्हात टाकलेस. तुला नेऊन एकदम बर्फात ठेवलं तर?”

“हळूहळू सवय लावून बघू?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “बघू. तू सवय लाव. ती लागली तर मी बरोबर. नाही लागली तर मी चूक. आधीच ठरवू, म्हणजे नंतर दोघींपैकी कुणाला पळवाट नको.”

एअरकंडिशनर दुरुस्त झाला होता. हादिया बाजारात गेली आणि मंडपाची रोषणाई करणाऱ्यांच्या दुकानातून निळा जिलेटिन कागद घेऊन आली. कागदाचे अनेक थर गुंडाळले की ट्यूबलाइटचा उजेड खोल समुद्रातल्यासारखा होतो. खालच्यांच्या बाटल्यांवरून ती दर आठवड्याला एकेक थर काढायची. पेशींच्या कितीतरी पिढ्या होऊन जायच्या एका थरात. त्यांना घाई नव्हती. शेजारी वरचे, त्यांच्यावर तेवढेच थर, तेवढाच वेळ.

काही थर उतरेपर्यंत खालचे वाढत राहिले. बाई रोज येऊन बघून जायच्या. मग एका थरानंतर पाणी फिकट झालं. हादिया थांबली, तो थर परत चढवला. पाणी हिरवं झालं. पुन्हा काढला. पुन्हा फिकट. असं तिने इतक्या वेळा केलं की गणपती येऊन गेले. वरच्यांचं उलट होतं. थर कमी झाले की ते वाढत, जास्त असले की नुसते टिकून राहत.

“सवय लागत नाही,” एक दिवस बाई म्हणाल्या. त्या खिडकीशी उभ्या होत्या. “आता आतलं बघावं लागेल.”

आतलं म्हणजे डीएनए. त्याची सोय पनवेलला नव्हती. बाईंचा एक जुना विद्यार्थी, दयाराम घरत, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होता. हादिया थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात नळ्या घेऊन एसटीने गेली. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवण्याचा एक कारखाना असतो आणि त्या कारखान्याचा एक जनुक फार सावकाश बदलतो. दोघांत तो वेगळा निघाला तर त्यांची ताटातूट फार जुनी. दयारामने त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढल्या, त्यांचे ठरावीक जागी तुकडे केले आणि तुकडे जेलीच्या पातळ पाटीवर पळवले. लहान तुकडे पुढे, मोठे मागे. दिवा लावला की पाटीवर नारिंगी रेघा दिसतात.

वरच्यांच्या रेघा एका जागी आल्या. खालच्यांच्या दुसऱ्याच जागी.

“वेगळे आहेत,” दयाराम म्हणाला. “वादच नाही. टिपणीसबाईंना काय वाटेल?” मग तो पाटीवर आणखी वाकला. “पण हा कोण?”

वरच्यांच्या एका नळीच्या रांगेत मुख्य रेघांच्या मधोमध आणखी एक पुसट रेघ होती.

“घाण असेल,” हादिया म्हणाली. आपण बाईंसारखंच बोललो हे तिच्या लक्षात आलं.

“घाण इतकी सरळ रेघ काढत नाही.”

पाटीचा फोटो घेऊन ती परत आली. बाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या. तेवढंच. त्या दिवशी त्यांनी तास घेतला, विद्यार्थ्यांच्या हजेऱ्या तपासल्या आणि नेहमीच्या वेळेला घरी गेल्या. हादियाला वाटलं होतं की त्या चिडतील, किंवा पाठीवर हात ठेवतील. दोन्ही झालं नाही, आणि ती उगाचच रिकामी होऊन घरी आली.

“मग जिंकलीस की हरलीस?” इलियासनी जेवताना विचारलं.

“जिंकले बहुतेक.”

“तसं वाटत नाही तुझ्याकडे बघून.”

“बाईंचं पंचवीस-तीस वर्षांतलं एकच काम असं आहे अब्बा, जे लोकांना माहीत आहे.”

झुबेदाबींनी तिच्या ताटात भात वाढला. “तू खोटं तर नाही ना बोललीस?”

“नाही.”

“मग जेव.”

निबंध लिहायला हिवाळा गेला. पुसट रेघेचं कोडं सुटलं नव्हतं, आणि बाईंचा आग्रह होता की कोडं आहे असंच लिहावं. एका वाक्यावर मात्र दोघी अडल्या. हादियाने लिहिलं होतं: ‘आधीच्या निष्कर्षांचा नव्या माहितीच्या संदर्भात फेरविचार करणं उपयुक्त ठरेल.’

बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली. “हे कुणाबद्दल आहे?”

“बाई, मला वाटलं...”

“कुणाचे निष्कर्ष? नाव लिही. टिपणीस, १९९१. आणि फेरविचार नाही. ‘चुकीचे होते’ असं लिही.”

“तेव्हा जनुक बघायची सोयच नव्हती. तुम्ही चुकला होतात असं कसं म्हणायचं?”

“सोय नव्हती, तर मी ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. मी ‘एकच आहे’ म्हणाले.” बाईंनी चष्मा काढून पुसला. आवाज नेहमीसारखाच होता. “तू खालचे का टाकले नाहीस?”

“माहीत नाही. टाकवले नाहीत.”

“मी टाकले होते,” बाई म्हणाल्या. “तेव्हा माझेही खालचे बाटल्यांत वाढत नव्हते. मी त्यांना खराब समजले.” मग चष्मा चढवून त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. “लिही.”

हादियाने लिहिलं.

निबंध पाठवला आणि उत्तराची वाट बघत असताना दयारामने एका परदेशी नियतकालिकाची झेरॉक्स पाठवली. दुसऱ्या समुद्रांवर काम करणाऱ्या एका मोठ्या गटाने हेच दाखवलं होतं: भर उजेडात राहणारे वेगळे, अंधुक उजेडात राहणारे वेगळे, आणि दिसायला सगळे सारखे. त्यांच्याकडे यंत्रं होती, माणसं होती, काम सुरेख होतं. हादियाने ते प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून सलग वाचलं. मग बाटल्या पुसायला घेतल्या, पुसलेल्याच पुन्हा पुसल्या आणि शेवटी तोंड धुवायला बाहेर गेली.

बाईंनीही वाचलं होतं. हादिया परत आली तेव्हा झेरॉक्स त्यांच्या मांडीवर होती.

“आपण दुसऱ्या झालो,” हादिया म्हणाली.

“झालो. वाईट वाटणारच.” बाईंनी समजूत घातली नाही. “पण एक बघ. त्यांनी जगाच्या पलीकडच्या पाण्यात जे पाहिलं तेच तुला आपल्या समुद्रात दिसलं, त्यांना न विचारता. आता ते त्यांचंही नाही आणि आपलंही नाही. ते आहे, एवढंच. तुझ्या त्या पुसट रेघेचं काय झालं?”

त्यांचा निबंध एका लहान नियतकालिकात छापून आला. फार कुणी वाचला असं नाही. हादियाला पदवी मिळाली. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टिपणीस १९९१ वरून तिला उलटसुलट प्रश्न विचारले आणि मागच्या रांगेत बसलेल्या बाई टिपणं काढत राहिल्या.

पुसट रेघ राहिली होती. वरच्यांची बाटली इतकी पातळ करत न्यायची की एका नळीत सरासरी एकच पेशी जावी, आणि त्या एकीपासून नवी वसाहत वाढवायची. पुष्कळशा नळ्या फुकट जातात, काही लागतात. लागलेल्या प्रत्येक वसाहतीचा डीएनए दयारामकडे गेला. या वेळी त्यांनी लवकर बदलणारा तुकडा निवडला होता. एकाच बाटलीतल्या, एकाच दिवशी एकाच जागी भरलेल्या पाण्यातल्या वसाहती, आणि रेघा जागोजागी वेगळ्या. काही जुळत होत्या. बऱ्याच नाही. ‘वरचे’ नावाचं एक कुणी नव्हतंच. त्या नावाखाली एक सबंध वस्ती राहत होती.

हादिया आणि बाईंनी फोटो टेबलावर पसरून जुळणाऱ्यांचे गट करायला घेतले. गट वाढत गेले, टेबल पुरेना, मग फोटो स्टुलांवर ठेवले.

“आणि आपण एका बाटलीत फक्त तेवढेच पकडले जे बाटलीत जगायला तयार होते,” हादिया म्हणाली.

“हं,” बाई म्हणाल्या. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण त्या फोटोंकडेच बघत होत्या. “माझी निवृत्ती मार्चमध्ये आहे. तोवर हे होणार नाही.”

“नाही होणार.”

“मला खोलीची किल्ली ठेवू देतील का, विचारून बघ.”

किल्ली मिळाली. हादिया त्याच विभागात लेक्चरर झाली होती. बाई सकाळी भाजी घेऊन जाताना यायच्या, पिशवी दाराशी ठेवायच्या आणि पडदे ओढून सूक्ष्मदर्शकावर बसायच्या. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हा भाग हादिया शिकवत असे. पहिल्याच वर्षी तिने फळ्यावर जीवाणूचं नाव लिहिलं, उजेड आणि अंधार समजावला आणि सांगितलं की याचे प्रकार एकूण किती आहेत ते अजून कुणालाही माहीत नाही.

ललिता नावाच्या मुलीने हात वर केला. “मॅडम, मग परीक्षेत किती लिहायचे?”

वर्ग हसला. हादियाने जरा विचार केला.

“जेवढं माहीत आहे तेवढं लिहायचं,” ती म्हणाली, “आणि पुढचं माहीत नाही, असं लिहायचं. मार्क मिळतील.”

ललिताने ते वहीत उतरवून घेतलं, जरा अविश्वासानेच.